टी-शर्टवर ‘बसला’ हवा, ‘वसला’ नको

प्रश्न असा आहे: सोसायटीतला चाळीस जणांचा क्रिकेटवेडा ग्रुप आहे, सामने एकत्र बघतो, वर्षातून एकदा बॉक्स क्रिकेटची स्पर्धा भरवतो. आपल्यातच कळतील असे मराठी विनोद छापून टी-शर्ट करायचेत. ओळ कशी निवडायची, कापड आणि छपाई कोणती घ्यायची, आणि गेल्या वर्षी अक्षरं ‘फुटली’ ती कशामुळे?

आधी ओळीचं बघू, कारण पैसे तिथेच वाया जातात. आतला विनोद टी-शर्टवर आला की त्याचं स्पष्टीकरण द्यायचा मोह होतो, आणि स्पष्टीकरण दिलं की विनोद गेला. अर्धा विनोद छापायचा, उरलेला अर्धा बघणाऱ्याच्या डोक्यात असतोच. ज्याच्या डोक्यात नसेल त्याने विचारावं, त्यातही मजा आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या षटकात, सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. पुढे ५ जुलैला मुंबईत विधान भवनात सत्कार झाला तेव्हा सूर्यकुमार त्या झेलाबद्दल मराठीत एवढंच म्हणाला की कॅच हातात बसला. रोहित शर्माने लगेच भर घातली की बरं झालं बसला, नाहीतर मी याला बसवला असता. यावर टी-शर्ट करायला घेतला की बहुतेक जण अख्खा संवाद छापतात, वर झेल घेणाऱ्याची आकृती, खाली तारीख आणि मैदानाचं नाव. तो शर्ट राहत नाही, बातमीचं कात्रण होतो. छातीवर ‘हातात’ आणि पाठीवर ‘बसला.’ एवढंच पुरे, पूर्णविरामासकट. पूर्णविराम काढला तर मजा निम्मी होते, कारण तो सुटकेचा निःश्वास आहे.

पुढे-मागे असं तोडण्याला व्यवहारी कारणही आहे. स्टेडियममध्ये किंवा सोसायटीच्या पडद्यासमोर लोक तुमची छाती बघतच नाहीत, मागच्या रांगेतल्यांना पाठच दिसते. म्हणून टोला पाठीवर, सुरुवात छातीवर.

ग्रुपच्या स्वतःच्या ओळी शोधायच्या तर व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड बघू नका, मैदानावर तोंडातून काय निघतं ते बघा. गल्ली क्रिकेटची कायद्याची भाषा मराठीत तयारच आहे: वन टप्पा आउट, ट्राय बॉल, कॉमन, लिंबूटिंबू, शेवटचा एकटा खेळणार. त्यावर तुमच्या इमारतीचा एक थर चढवला की झालं. ‘काकूंकडे गेला = आउट’ ही ओळ बाहेरच्या कुठल्याही मराठी माणसाला अर्धी कळते, तुम्हाला पूर्ण कळते, कारण ती खिडकी कोणती ते तुम्हाला माहीत आहे. आधी बॅटिंग उरकून फील्डिंगच्या वेळी गायब होणाऱ्यासाठी ‘बॅटिंग झाली. आई बोलावतेय.’ दोन्ही संघांतून खेळणाऱ्याच्या पाठीवर आकड्याऐवजी ‘कॉमन’. जो कधी खेळतच नाही, फक्त धावफलक लिहितो, त्याच्या पाठीवर ‘० (०)’. कबड्डीवाले असाल आणि पुणेरी पलटणचे असाल तर पाटीचा बाज हाताशी आहेच: ‘दुपारी १ ते ४ चढाई बंद’. पाटीची चौकट मात्र काढू नका, शब्दांतूनच पाटी दिसली पाहिजे.

ओळीची परीक्षा सोपी आहे. मोठ्याने म्हणा. मध्ये ‘कारण’ किंवा ‘म्हणजे’ आलं तर ओळ बाद. सहा शब्दांच्या वर गेली तरी बाद. नंतर ती तिघांना दाखवा: ग्रुपमधल्या एकाला, क्रिकेट कळणाऱ्या पण ग्रुपबाहेरच्या एकाला, आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला. पहिला हसला पाहिजे, दुसऱ्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं पाहिजे, तिसऱ्याने ‘हे घालून बाहेर जाणार?’ असं विचारता कामा नये. कुणाच्या पोटावर, उधारीवर किंवा सुटलेल्या झेलावर ओळ असेल तर ज्याच्यावर आहे त्याची आधी परवानगी घ्या, आणि जमलं तर तो शर्ट त्यालाच द्या. स्वतःवरची ओळ स्वतः घातली की चेष्टा. तीच ओळ उरलेल्या एकोणचाळीस जणांनी घातली तर छळ.

विनोदाला मुदत असते, हे विसरू नका. आयपीएलमधल्या बंगळुरू संघाच्या चाहत्यांची ‘ई साला कप नमदे’, म्हणजे यंदा कप आपलाच, ही कन्नड घोषणा वर्षानुवर्षं हरल्यामुळे विनोद झाली होती. दुसऱ्या संघांचे लोकही ती चिडवायला वापरत. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या महिला संघाने डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, जिंकली आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ‘नमदे’चं ‘नमदु’ केलं, म्हणजे कप आपला झाला. ३ जून २०२५ ला पुरुष संघानेही आयपीएल जिंकली. चिडवायला छापलेले सगळे शर्ट एका रात्रीत अभिनंदनाचे झाले. तेच आकड्यांचं. मुंबईने मार्च २०२४ मध्ये ४२ वा रणजी करंडक जिंकला, म्हणून ‘४२’ छापलेला शर्ट पुढच्या विजेतेपदाला जुना होतो, पण मुंबईच्या खेळाला चिकटलेलं नुसतं ‘खडूस’ छापलं तर ते जिंकलं तरी चालतं आणि हरलं तरी चालतं. चाळीस नग करायचे असतील तर निकालावर टेकलेली ओळ घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात: आयपीएल संघांची नावं, बोधचिन्हं आणि घोषवाक्यं घेऊ नका, खेळाडूचा चेहरा आणि नाव घेऊ नका, नेटवरून उतरवलेला फोटो तर मुळीच नको. विकायला काढलेत तर प्रश्न आणखी गंभीर होतो. तुमचे स्वतःचे शब्द आणि साधा निळा किंवा पिवळा रंग यांवर सहसा कुणी हरकत घेत नाही. हे शर्ट घालून स्टेडियममध्ये जाणार असाल तर तिकिटाच्या अटी वाचा, जाहिरात किंवा राजकीय मजकुराचे कपडे गेटवर अडवले जाऊ शकतात. प्रायोजक म्हणून कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं नाव बाहीवर टाकलं असेल तर तेही यात येतं.

आता अक्षरं फुटण्याबद्दल. ‘फुटली’ म्हणजे नक्की काय झालं, ते आधी ठरवा. अक्षरं छापतानाच चुकीची आली, की धुतल्यावर तडकली? दोन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत.

छापतानाच चुकली असतील तर दोष फाइलचा. बऱ्याच छपाईवाल्यांकडे कोरलड्रॉ या रचनेच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते आणि ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर काम करतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांनी तिथे चिकटवला की पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. फोटोशॉपमध्येही मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर हेच होतं. म्हणून मजकूर कधीच ‘टाइप करून घ्या’ म्हणून देऊ नका. स्वतः नीट लावा, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला आणि पीडीएफ द्या. सोबत त्याचंच एक चित्र द्या, म्हणजे छापणाऱ्याला ताडून बघता येईल.

कर्व्हमध्ये बदलल्यावर एक पायरी सगळे विसरतात: वेल्ड. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. अक्षरं वेल्ड करून एकजीव केली नाहीत आणि बाहेरून किनार दिली, तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. व्हिनाइलचा, म्हणजे शर्टवर चिकटवायचा रंगीत प्लास्टिकचा, पत्रा कापणारं यंत्र तर त्या सांध्यावर खरोखरच कापतं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. रुंद दिसायला हवं असेल तर रुंद फॉन्ट घ्या.

फॉन्टांत मुक्त परवान्याचे पुष्कळ आहेत, छापून विकायलाही चालतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू आणि मोदक. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन. मुक्ताची जाड वजनं सगळ्यात भरवशाची. मोदक नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे, अक्षरांच्या आतल्या फटी केसाएवढ्या उरतात, म्हणून तो फक्त दोन शब्दांना आणि तोही मोठा. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श येतात का ते बघा. कित्येक फॉन्टांत मुळात हिंदी वळणाची अक्षरं पुढे येतात, मजकुराची भाषा मराठी ठेवली की आपली येतात. बाहेरच्याला कळणार नाही, पण मराठी वाचकाला काहीतरी खटकतं.

खरा घात करतो तो ब. ब आणि व यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक आहे. बारीक फॉन्ट घेतला, अक्षर लहान ठेवलं, शाई पसरली किंवा डीटीएफची (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याच्या छपाईची) पावडर फटीत अडकली, की ब चं पोट भरतं आणि लांबून व दिसतो. ‘हातात बसला’चं ‘हातात वसला’ होतं, आणि ‘बाद’चा ‘वाद’. ष चा प याच वाटेने होतो. घ आणि ध यांच्यात तर शिरोरेघेच्या एका फटीचा खेळ. म्हणून ओळीत ही अक्षरं असतील तर आतली मोकळी फट छापील मापात निदान १ मिलिमीटर राहिली पाहिजे. स्क्रीनवर मोठं करून बघू नका. खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, कागद भिंतीला लावा आणि तीन मीटर मागे जाऊन वाचा.

अनुस्वार हा दुसरा चोर. बोलीभाषेतल्या ओळीला तो हवाच: ‘कसं’मधला टिंब गेला की ‘कस’ उरतो, सोन्याचा. व्हिनाइलमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा लहान टिंब दोन-चार धुण्यांत गळून पडतो, तेव्हा तो मोठा करा किंवा शिरोरेघेला चिकटवून घ्या. ‘दुसऱ्या’, ‘बसणाऱ्या’ लिहिताना ऱ्य नीट आला का बघा. मोबाइलच्या कळफलकावर नुसता र, हलन्त आणि य टाइप केला तर रफार चढतो आणि ‘दुसर्या’ छापलं जातं. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात, ओळींतलं अंतर डोळ्यांनी लावा, आकड्यावर सोडू नका.

माप किती? तीन मीटरवरून आरामात वाचायला अक्षराची उंची साधारण अडीच सेंटिमीटर लागते, आणि ती मात्रा-उकार सोडून, शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. छातीवरची छपाई एम ते एक्सएलला २८ सेंटिमीटर रुंद ठीक दिसते, लहान मुलांच्या शर्टांना २० ची वेगळी करा. गळपट्टीच्या खाली चार बोटं, म्हणजे ७–८ सेंटिमीटर, सोडून सुरुवात. उंच रचना करू नका. खालची ओळ पोटाच्या गोलाईवर गेली की समोरून दिसतच नाही, आणि आपल्या ग्रुपांत पोटं आहेत हे मान्य करून चालावं.

आता धुतल्यावर तडकण्याचं. स्क्रीन छपाई (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली) असेल आणि भेगाळलेल्या तळ्यासारखी जाळी पडली असेल, तर शाई भाजली गेली नाही. प्लास्टिसोल शाई वरून सुकलेली दिसते, पण तिचा थर तळापर्यंत १६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला तरच पक्की होते. घाईत हीटर लवकर काढला की खालचा थर कच्चा राहतो. तपासणी: गार झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी साधारण चौथाईने ताणा. तडकली तर परत भाजा, शर्ट वाटून झाल्यावर उपाय नाही. गडद कापडावर पांढरं छापताना एकच जाड हात मारण्यापेक्षा छाप, हलकं सुकव, पुन्हा छाप असं दोनदा करायला सांगा. छपाईची जाळी सेंटिमीटरला ४३ धाग्यांची घेतली तर पांढरा दाट बसतो, बारीक अक्षरांना ७७ ची लागते. ब असलेल्या ओळीला ७७.

डीटीएफ असेल आणि कडा सुटून वर आल्या असतील, तर दाब कमी पडला, कापडात ओल होती, किंवा फिल्म चुकीच्या वेळी ओढली. साधारण १५०–१६० अंश, १०–१५ सेकंद. पण फिल्म गरम सोलायची की गार, हे प्रत्येक फिल्मचं वेगळं असतं, ते विचारा. शर्ट आधी ३–५ सेकंद रिकामा दाबून त्यातली ओल काढायची. सोलल्यावर वर बटरपेपर ठेवून पुन्हा ५–१० सेकंद दाब द्यायचा, याने कडा धाग्यांत बसतात आणि चकाकीही उतरते. पावसाळ्यात कोकणपट्टीत हा त्रास जास्त होतो, कारण पावडर हवेतली ओल धरते, गुठळ्या होतात आणि नेमकी ब च्या पोटात जाऊन बसते. जुलैत छापायचं असेल तर एसी खोलीत पावडर ठेवणारा छापखाना शोधा.

चाळीस नग, दोन बाजू, एक-दोन रंग: कोणती छपाई? सगळ्यांची ओळ एकच असेल तर स्क्रीन, कारण जाळीचा खर्च चाळिसांत वाटला जातो आणि छपाई जास्त टिकते. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं काही असेल, ‘कॉमन’, ‘० (०)’ वगैरे, तर डीटीएफ. हिशोब असा करा: फिल्म ६० सेंटिमीटरची, छापायला साधारण ५७ मिळतात. २८ सेंटिमीटरच्या दोन ओळी शेजारी, मध्ये १ सेंटिमीटर. उंची ११ धरली तर प्रत्येक रांगेला १२ सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या मिळून ८० छपाया म्हणजे ४० रांगा, ४ मीटर ८० सेंटिमीटर. पाच मीटर घ्या, म्हणजे दोन तुकडे जास्तीचे येतात, आणि ते लागतातच. डीटीएफमध्ये मोठा भरीव चौकोन मात्र टाळा. मे महिन्यात छातीला रेक्झिन चिकटवल्यासारखं होतं, घाम आत अडकतो. नुसती अक्षरं छापा, मागचा रंग कापडाचाच राहू द्या. पाठ दाबताना पुढची छपाई पुन्हा तापते, म्हणून मध्ये टेफ्लॉनचा कागद सरकवायला सांगा.

आता कापड. सामने बघताना घालायच्या शर्टांना कॉम्ब्ड (विंचरलेल्या धाग्याचं) कॉटन, बायोवॉश केलेलं, म्हणजे धुऊन लव काढलेलं, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. १५०–१६० चं स्वस्त पडतं, पण पांढऱ्यातून बनियन दिसतं आणि दोन महिन्यांत गळा लोंबतो. कॉटन पहिल्या धुण्यात थोडं आटतं, ३ ते ५ टक्के धरून चाला. खेळायच्या जर्सीला पॉलिस्टर, ज्याला सगळे ड्रायफिट म्हणतात. त्यावर सब्लिमेशनची छपाई सगळ्यात चांगली, कारण शाई धाग्यातच जाते, पण कापड पांढरं किंवा फिकं हवं, आणि कॉटनवर ते टिकत नाही. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरं डीटीएफ करू नका: उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरी अक्षरं दोन दिवसांत गुलाबी होतात. करायचंच असेल तर रंग अडवणारा काळा थर असलेली फिल्म आणि कमी तापमानाची पावडर मागा. रंगसंगतीत पिवळ्यावर पांढरं आणि निळ्यावर लाल टाळा, पहिलं दिसत नाही, दुसरं डोळ्यांत नाचतं.

मापं गोळा करताना ‘एल की एक्सएल’ विचारू नका, प्रत्येक कंपनीचं एल वेगळं. नीट बसणारा स्वतःचा शर्ट गादीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगा आणि तो आकडा फॉर्ममध्ये भरून घ्या. छापखान्याच्या तक्त्याशी ताडा, दोन मापांत अडकलेल्याला मोठं द्या. एक एल आणि एक एक्सएल जास्तीचा ठेवा, कोणीतरी माप खोटं सांगितलेलं असतंच.

चाळीस छापण्याआधी एक नमुना घ्या आणि तो खरोखर धुवा, तीनदा, घरच्या मशीनमध्ये, छापल्यावर एक दिवस जाऊ देऊन. उलटा करून, गार पाण्यात, छपाईवर इस्त्री न फिरवता. तिसऱ्या धुण्यानंतर तो ग्रुपमधल्या अशा माणसाला दाखवा ज्याने ओळ आधी पाहिलेली नाही, आणि वाचायला सांगा. ‘बसला’ म्हणाला तर बाकीचे छापायला द्या.